दर एकवीस तारखेला धरणारी कंबर

तक्रार आधी नीट मांडतो, कारण डॉक्टरांपुढंसुद्धा मी ती दोन वर्षं नीट मांडली नव्हती. मी बेळगावात एका कर सल्लागारांच्या ऑफिसात अकाउंटंट आहे. वय ४३. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांची आणि खडेबाजारातल्या कापडवाल्यांची रिटर्नं आमच्याकडं असतात. ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, हे आमचे महिन्याचे दोन सण. दुसरा सण पार पडला की एकवीस नाहीतर बावीसच्या पहाटे माझी कंबर धरायची.

उजव्या बाजूला, पँटचा पट्टा येतो त्याच्या दोन बोटं खाली. आतून कुणी ओल्या धोतरासारखा पिळा घातल्यागत. मोजे घालायला वाकता यायचं नाही, शिंक आली तर आधी भिंत धरायची आणि मग शिंकायचं. चार-पाच दिवसांत आपोआप सुटायची. सुटली की मी पुढच्या एकवीस तारखेपर्यंत विसरून जायचो. ज्यांचं दुखणं असं तारीख लावून येतं त्यांना यातलं काही उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

आधी काय काय करून झालं

पहिली अर्थातच गोळी. ट्रायल बॅलन्स जुळत नसला की नवशिका पोरगा फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो आणि घरी जातो. वेदनाशामक गोळी म्हणजे तेच. त्या दिवसापुरतं जुळतं, फरक मात्र तिथंच पडून राहतो. मी गोळीच्या विरोधात नाही. ऐन १९ तारखेला कंबर धरली तर मीसुद्धा डॉक्टरांना विचारून घेतो. पण दोन वर्षं सस्पेन्समध्येच टाकत राहिलो, ही चूक माझी.

मग कमरेचा पट्टा. शर्टाच्या आत बांधून ऑफिसला जायचो. उन्हाळ्यात त्याखाली घामोळं आलं, त्यापलीकडं काही झालं नाही. पुढं वाचनात आलं की जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या, त्यात पट्टा आणि ट्रॅक्शन हे दोन्ही नेहमीचा उपचार म्हणून नकोत असंच म्हटलंय.

तिसरा उपाय आईचा, आणि तो आमच्याच मुलखात होऊ शकतो. एका दवाखान्यात कन्नडभाषक डॉक्टरांनी विचारलं, ‘सोंट नोवा?’ मी ‘हौद्री’ म्हणालो. सोंट म्हणजे कंबर, नोवु म्हणजे दुखणं. आई शेजारच्या बाकावर बसलेली. तिला कन्नड बाजारापुरतं येतं. घरी आल्यावर बघतो तर आई सुंठ उगाळत बसलेली. ‘डॉक्टरांनी सुंठ सांगितली नव्हं?’ लेप मात्र छान गरम लागला. गुण सुंठीचा की उबेचा, देव जाणे, पण कंबर धरल्या दिवशी शेक बरा वाटतो. नव्या दुखण्याला शेक द्यावा हे अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या सूचनांतही आहे.

चौथा उपाय पायाळू. आमच्या वडगावात अजून चालतं हे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्यानं उसण भरलेल्या ठिकाणी तीनदा पाय लावायचा. माझी मावशी निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, मजुरीचा हिशेब हजारी. दिवसभर वाकून बसायची आणि संध्याकाळी गल्लीतल्या पायाळू पोराला लाडूचं आमिष दाखवून पाठीवर पाय द्यायला लावायची. मी हसायचो. पुढं बऱ्यापैकी फी मोजून कुणाला तरी पाठ दाबायला दिली, तेव्हा मावशीची आठवण झाली. तो भाग पुढं येतोच.

यातलं काही असेल तर हे वाचणं सोडा आणि डॉक्टर गाठा

हा भाग मी मुद्दाम मध्येच घालतोय, कारण शेवटी टाकला तर कुणी वाचत नाही.

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलची सीट टेकते त्या भागात बधिरपणा, दोन्ही पायांतला जोर कमी होणं: यात त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. उद्या नाही. रात्री झोपेतही न थांबणारं दुखणं, सोबत बारीक ताप, वजन उतरणं: आपल्याकडं मणक्याचा टीबी ही काही जुनी गोष्ट झालेली नाही. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, वय झालेल्या बाईमाणसाची नुसत्या हिसक्यानं धरलेली पाठ, बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या. आणि एक असं, जे बसून काम करणाऱ्या तरुणांत हमखास सुटतं: चाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांवर टिकलेलं, सकाळी अर्धा-पाऊण तास ताठर ठेवणारं आणि हालचाल केल्यावर कमी होणारं दुखणं. ते खुर्चीचं नसून सांध्यांच्या सुजेचं असू शकतं. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कळत नाही.

माझ्यात यातलं काही नव्हतं. ते एका डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच मी पुढं सरकलो.

पुण्याची फेरी

भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो. तारीख २३, कंबर धरलेली. अक्षता टाकताना हात वर जाईना. मेहुणे म्हणाले, आमच्या इथं एक कायरोप्रॅक्टर आहेत, दाखवून तर बघा.

कायरोप्रॅक्टिक या शब्दाची फोड ग्रीकमधून होते. हात आणि करणं, म्हणजे हातांनी केलेलं. आपल्याकडं ‘हातगुण’ म्हणतात त्याच्या शेजारचा शब्द. सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी झाली. डी. डी. पामर नावाच्या गृहस्थानं हार्वी लिलार्ड या साफसफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी त्यांची मूळ कथा. १८९७ मध्ये पामरनं शाळाही काढली. मणका जागचा हलला की जवळजवळ सगळे रोग होतात, तो बसवला की जातात, असा त्याचा सिद्धांत होता. पाठ दाबून बहिरेपण जातं याला काही आधार नाही, आणि मणका सरकून दमा-मधुमेह होतो यालाही नाही. हे आधीच सांगतो, कारण या धंद्यात आजही दोन प्रकारची माणसं भेटतात. पामरची पोथी वाचणारी आणि पाठ-मान यांच्यापुरतं काम करणारी. मला नशिबानं दुसऱ्या प्रकारातल्या भेटल्या.

त्या मॅडमनी पहिली चाळीस मिनिटं पाठीला हात लावला नाही. प्रश्न विचारले. वर जे लिहिलंय ते जवळजवळ सगळं विचारलं, लघवीपासून वजनापर्यंत. चवड्यांवर चालायला लावलं, मग टाचांवर. गुडघ्यावर हातोडी मारली. उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला आणि कळ कुठं जाते ते विचारलं. कळ मांडीच्या खाली उतरत नव्हती. मग म्हणाल्या, ‘एक्स-रेची गरज दिसत नाही.’ तिथंच माझा निम्मा विश्वास बसला.

त्यानंतर डाव्या कुशीवर झोपवलं. वरचा गुडघा वाकवून टेबलाच्या कडेबाहेर सोडला, खांदा मागं वळवला. त्यांचा एक हात खांद्यावर, दुसऱ्या हाताचा तळवा कमरेच्या खालच्या हाडावर. ‘श्वास घ्या. आता सोडा. सैल.’ मी सैल सोडल्यासारखं केलं, त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्यांदा खरंच सोडलं, तेवढ्यात एक छोटा, झटकन दिलेला रेटा. आवाज कसा, तर उसाचं कांडं गुडघ्यावर मोडतात तसा. दुखलं नाही. उलट हसू आलं. उठून बसलो आणि वाकून स्वतःच्या हातानं मोजे घातले.

इथं माणूस फसतो, म्हणून सांगतो. त्या आवाजानं काही ‘बसत’ नाही. सांध्यातल्या वंगणात वायू विरघळलेला असतो. सांध्याची टोकं झटक्यात लांब झाली की त्यात पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. २०१५ मध्ये बोट मोडताना एमआरआयमध्ये चित्रण करून हे दाखवलं गेलंय. बोटं मोडणं आणि हे, आवाजापुरतं एकच. आराम पडतो तो दुसऱ्या कारणानं. त्या झटक्यानं आवळून बसलेले स्नायू ढिले होतात आणि मज्जासंस्थेकडून दुखण्याची जी वर्दी सारखी जात असते ती काही काळ मंदावते. सरकलेलं हाड जागेवर आलं, हे बोलण्यापुरतं. हाड सरकलेलंच नव्हतं.

मग त्याची किंमत किती धरायची? कंबरदुखीच्या बाबतीत हा उपाय फालतू नाही. ज्या अमेरिकन संघटनेचा वर उल्लेख केला, तिनं ताज्या कंबरदुखीला गोळीच्या आधी करून बघायच्या उपायांत शेक, मसाज आणि अॅक्युपंक्चरबरोबर मणक्यावरचा हा हातउपचारही धरलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांतही त्याला जागा आहे. उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१६ मध्ये अट घातली: व्यायामाबरोबर द्या, एकटा देऊ नका. गुण येतो तो इतर मान्य उपायांइतकाच, फार जास्त नाही. पण ज्याला वाकताच येत नाही त्याला व्यायाम कर म्हणून सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला दिंडीला बोलावणं. हातउपचारानं दोन-चार दिवस वाकता येतं, त्या दिवसांत हालचाल सुरू करता येते. या उपचाराची बाजू मी मांडतो ती एवढीच आणि इथपर्यंतच.

मॅडम स्वतःच म्हणाल्या, ‘माझ्या हाताचा परिणाम थोडे दिवस. तेवढ्यात चालायला लागा. दर महिन्याला माझ्याकडं यावं लागलं तर आपण दोघंही काहीतरी चुकतोय.’ निघताना विचारलं, कुठून आलात? बेळगाव. कसे? बसनं. त्या हसल्या. ‘मग जाताना उतरत उतरत जा.’

मी उतरलो नाही. खिडकीची जागा मिळाली होती, वरच्या फळीवर लग्नातला आहेर आणि लाडवांचा डबा. साताऱ्याला नाही, कराडला नाही, कोल्हापूरला लघवीला जायचं होतं तरी नाही. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर एका जागी बसून आलो. निपाणी ओलांडेपर्यंत कंबर पुन्हा होती तिथं. उपचार पुण्याचा आणि रोग बसमधला, दोन्ही एकाच दिवसात.

दुसरा एक दवाखाना

यानंतर मला हातउपचाराचं वेडच लागलं. दुसऱ्या एका शहरात एकांकडं गेलो, नाव-गाव सांगत नाही. तिथं आधी एक्स-रे, मग एक्स-रेवर लाल पेनानं रेघा आणि ‘तुमचा मणका सरकलाय, २४ सिटिंगचं पॅकेज घ्या, आगाऊ भरलेत तर सवलत’. हातोडी नाही, टाचांवर चालणं नाही, लघवीचा प्रश्न नाही. पाच मिनिटांत मानेला हात घालायला निघाले. मी कंबर घेऊन आलोय म्हटलं, मान कशाला? ‘सगळं एकमेकांना जोडलेलं असतं.’ हे वाक्य ऐकलं की उठावं.

मानेच्या झटक्यात एक धोका असतो. तो विरळ, पण खरा. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. आपल्याकडं सलूनमध्ये दाढी झाल्यावर फुकटात मान मोडून देतात, तेही म्हणूनच नको. आमच्या न्हाव्याला मी आता डोक्याची मालिश तेवढी करायला सांगतो. तो रुसला होता दोन महिने.

आणि एक्स-रे, एमआरआयवरच्या रेघांबद्दल. अजिबात पाठ दुखत नसलेल्या तीन हजारांवर लोकांची छायाचित्रं एकत्र करून २०१५ मध्ये एक पाहणी छापून आली. विशीतल्या लोकांतसुद्धा ३७ टक्क्यांच्या मणक्यांतली चकती झिजलेली दिसली, ऐंशीतल्या लोकांत ९६ टक्के. फुगलेली चकती विशीत ३० टक्के. म्हणजे काळजी घेण्यासारखी लक्षणं नसताना फोटो काढला की काहीतरी सापडणारच, आणि सापडलं की त्याच्यावर पॅकेज विकता येतं.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. ब्रिटनमध्ये १९९४ पासून त्यासाठी कायदाच आहे, अमेरिकेत परवाना लागतो. आपल्याकडं पाटी कुणीही लावू शकतो. तेव्हा शिक्षण कुठं, किती वर्षं, हे विचारायला लाजू नका. पंधरा दिवसांचा कोर्स करून आलेलेही आहेत. फिजिओथेरपिस्टचं तसं नाही, पदवीचा ठरलेला अभ्यासक्रम असतो आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यात तो व्यवसाय आलाय. हातउपचार त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना येतो. मला हे उशिरा कळलं. हाडं ठिसूळ झालेली असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर झटक्याचा उपचार दोघांकडूनही नको.

वही

शेवटी गावातल्याच फिजिओथेरपिस्टकडं गेलो. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, ऑफिसात मी बसलेला असताना मला न सांगता काढलेला फोटो. दोन, महिनाभराची नोंद.

फोटो आमच्या ऑफिसातल्या पोरानं दुपारी चारच्या सुमारास काढला. तो बघून मीच गार झालो. टेबलाखाली सीपीयू आणि यूपीएस उजव्या बाजूला असे ठेवलेले की पायांना जागाच नाही, म्हणून दोन्ही पाय डावीकडं. स्क्रीन उजवीकडं, म्हणून छाती उजवीकडं. कमरेपासून मी दोन दिशांना चाललेलो. त्यातच मागच्या खिशात पाकीट. पैसे कमी आणि पावत्या जास्त, पण जाडी दीड इंच. म्हणजे डावी बैठक खाली, उजवी वर. खुर्ची साहेबांनी नुकतीच जाळीच्या पाठीची नवी घेतली होती. पाठ त्या जाळीला लागतच नव्हती.

नोंदीला मी जुनी रोजमेळाची वही घेतली. पहिल्या महिन्यात रकाने तीन: तारीख, एकूण किती तास बसलो, सकाळी दुखणं दहापैकी किती. जुळेना. कारण १० आणि ११ तारखेलाही मी नऊ-नऊ तास बसतो, आणि १२ तारखेला कंबर ठणठणीत. एकूण तासांवर दोष टाकता येईना. दुसऱ्या महिन्यात फिजिओनं सांगितलं म्हणून चौथा रकाना घातला: न उठता सर्वांत लांब बैठक किती.

तिथं फरक सापडला. अकरा तारखेच्या आधी विक्रीची बिलं जमवायची असतात. उद्यमबागेत स्कूटरनं दोन चकरा, कापडवाल्याच्या मुनिमाकडं एक, फोनवर फेऱ्या मारत भांडण वेगळंच. सर्वांत लांब बैठक सव्वा तास. वीस तारखेचं काम निराळं. १४ ला जीएसटीआर-२बी, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर आपोआप तयार होणारं खरेदीचं पत्रक येतं, मग खरेदीची एकेक एंट्री त्याच्याशी जुळवत बसायचं. नजर काढली की ओळ चुकते. १९ तारखेला माझी सर्वांत लांब बैठक होती ४ तास ४० मिनिटं. चहासुद्धा टेबलावर.

वडील आठवले. ते खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायच्या हातमागावर बसायचे, दिवसाचे आठ-दहा तास. पण कांडी संपली की हात थांबायचा, धागा तुटला की उठून सांधायचा, पाय तर सतत खाली-वर. त्यांची पाठ दुखायची नाही असं नाही, तेल चोळून घेतल्याशिवाय झोपायचे नाहीत. पण मागच त्यांना तासातासाला उठवायचा. मला उठवणारं काही नव्हतं.

एका जागी वाकून बसलं की पाठीमागचे बंध हळूहळू ताणून सैल पडतात आणि उठल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. मणक्यांमधल्या चकतीला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. तिला पोषण झिरपूनच मिळतं, आणि दाब पडणं-सुटणं त्याला मदत करतं. चार तास तोच दाब म्हणजे चार तास उपास.

पहाटेची घागर

तरी एक कोडं उरलं. कंबर वीसच्या संध्याकाळी धरत नव्हती, एकवीस-बावीसच्या पहाटे धरायची. आणि दर महिन्याला सारखी नाही. मे महिन्यात २१ ला काहीच नाही, नुसती आखडल्यासारखी.

ते बायकोनं सोडवलं. वही तिच्या हातात पडली. ‘मेमध्ये पाणी कुठं आलं होतं एकवीसला? चोवीसला आलं की.’

आमच्या गल्लीत पाणी काही दिवसांआड, पहाटे साडेपाचला. खालच्या नळावर घागर आणि बादल्या भरून मागच्या बॅरलमध्ये ओतायच्या, हे काम माझं. उठल्या उठल्या, तोंडही न धुता, वाकून घागर उचलायची, कडेला वळायचं, ओतायची. वाकणं, वजन आणि वळणं तिन्ही एकदम. आणि वेळ कुठली, तर झोपून उठल्यानंतरच्या पहिल्या तासातली. रात्रभर चकत्या पाणी शोषून टम्म झालेल्या असतात, माणूस सकाळी सेंटिमीटरभर उंचही असतो. तेव्हा वाकलं की पाठीवर ताण जास्त येतो. आदल्या दोन दिवसांत मी त्याच पाठीला वाकवून साडेचार तास बसवलेलं. ज्या चार महिन्यांत कंबर जोरात धरली, त्या चारही महिन्यांत वीसनंतरच्या दोन दिवसांत पाणी आलं होतं.

दोन वर्षं खुर्चीला शिव्या दिल्या. पुण्यापर्यंत जाऊन आलो. घागरीचं नाव एकाही डॉक्टरपुढं मी घेतलं नव्हतं, आणि सकाळी काय करता हे त्यांनीही विचारलं नव्हतं.

काय बदललं

नळाला पंधरा फुटी पाइप लावला, तो थेट बॅरलमध्ये. पट्ट्यापेक्षा स्वस्त पडला. तरी बादली उचलावी लागलीच तर उठल्यावर तासाभरानं, अर्धी भरून, पोटाजवळ धरून, आणि कमरेतून न वळता पाय वळवून.

ऑफिसात सीपीयू टेबलावर आला, स्क्रीन बरोबर समोर, खाली २०१२ च्या दोन जाडजूड लेजर. त्या वह्यांचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता. पाकीट पुढच्या खिशात. मोबाइलवर तासाचा गजर लावला होता, तो तीन दिवसांत बंद करायची सवय लागली. मग प्रिंटर बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला आणि पाण्याची मोठी बाटली घरी ठेवून पावशेराची आणली. ती संपते, उठावंच लागतं. सुरुवातीला सगळे चिडले. ‘तुझ्या कमरेपायी आम्ही का चालायचं रे?’ असं साहेबसुद्धा म्हणाले. आता तेच प्रिंट आणायला स्वतः जातात, वाटेत खिडकीशी दोन मिनिटं उभे राहतात.

व्यायाम तीनच, फिजिओनं निवडून दिलेले. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं, भुजंगासनाचं अर्धं रूप समजा. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. आणि एक गुडघा जमिनीला टेकून मांडीचा पुढचा भाग ताणणं, कारण बसून बसून तोच आखूड होतो. पहिला करताना कळ पायात खाली उतरायला लागली तर थांबायचं, वर सरकून कमरेत गोळा झाली तर चालू ठेवायचा. हा फरक शिकवणारं माणूस समोर हवं, व्हिडिओ बघून कळत नाही. सकाळच्या पहिल्या तासात यातलं काही करत नाही. संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला एक मोठी फेरी, २० तारखेला तर पोर्टल गोगलगाय झालेलं असतं, तेव्हा फेरी दोनदा होते.

हातउपचार सोडला का? नाही. गेल्या वर्षभरात दोनदा घेतला, एकदा इथल्या फिजिओकडून आणि एकदा पुण्याच्या मॅडमकडून. दोन्ही वेळा कंबर खरंच धरलेली होती आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवसापासून चालायला लागलो. कंबर धरलेली नसताना ‘मेन्टेनन्स’ म्हणून महिन्याला एकदा जाणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांना बरं वाटतं, जाऊ देत. मी जात नाही.

हे बदल केल्यावर वहीत आता अकरा महिने झाले. दहापैकी सात-आठचा आकडा दोनदाच आलाय. एकदा दिवाळीत आईला किल्ला बघायचा म्हणून तिची व्हीलचेअर पायऱ्यांवरून उचलली तेव्हा, आणि एकदा विनाकारण. विनाकारणवाली नोंद मी तशीच ठेवलीय, खोडलेली नाही.

पुढच्या महिन्यात भाचीच्या मुलाचं बारसं आहे, पुण्यालाच. तारीख नेमकी २२. या वेळी निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा, चारही स्टँडवर उतरायचं ठरवलंय. जागा जाऊ नये म्हणून शेजारच्या सीटवर बायको, आणि तिच्या मांडीवर कुंद्याचा डबा.